नऊ हात चार बोटं

माझ्या घराचा उंबरा एक मीटर सात सेंटीमीटर लांबीचा आहे. मी सांगितला होता एक मीटरचा. वरची सात सेंटीमीटर रंभाजीमामांची.

माझी नोकरी जमीन मोजणीची. पंचवीस वर्षं बांधांवर उभा राहून आकडे लिहीत आलो आहे, त्यामुळे सात सेंटीमीटर ही माझ्या लेखी किरकोळ गोष्ट नाही. तेवढ्यावरून दोन सख्ख्या भावांनी एकमेकांच्या घरचं पाणी सोडलेलं मी पाहिलं आहे. तिसगावात घर बांधलं तेव्हा दाराला दगडी उंबरा हवा म्हणून शेजारच्या रंभाजीमामांना कागदावर माप लिहून दिलं. तो कागद त्यांनी माझ्यासमोर घडी करून टोपीत ठेवला. आठ दिवसांनी उंबरा आला. मी टेप लावला आणि म्हणालो, मामा, सात सेंटीमीटर जास्त आहे.

"सात का काय ते मला ठावं न्हाई. चार बोटं जास्त हाय."

"पण मी एक मीटर लिहून दिलं होतं."

"ते तुमी दिलं, सायेब. दगडाला कुठं ईचारलं?"

मग त्यांनी मला समजावलं. दगड नेमक्या मापाला कापला की वाहताना टोक झडतं, बसवताना कोपरा जातो, आणि उरतो तो मापापेक्षा कमी. म्हणून माप कुणीही कितीही सांगो, आपण त्यावर चार बोटं द्यायची. गवंड्याला दोन विटा फोडायला लावून त्यांनी उंबरा भिंतीत दोन्हीकडून रुतवला. याला अठरा वर्षं झाली. चौकट एकदा बदलली, फरशी दोनदा बदलली, उंबरा हललेला नाही. खरं आहे म्हणून लिहितो, तेव्हा मात्र मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नव्हतो.

मामा दगडाचं काम करत. विहिरींची बांधणी, उंबरे, पायऱ्या, पाटे-वरवंटे, जाती. अंगानं लहानखुरे, पण उजवा तळहात दुसऱ्याच एखाद्या थोराड माणसाचा आणून लावल्यासारखा. धोतर, सदरा, आणि टोपी. टोपी हे त्यांचं दप्तर होतं. मापांचे कागद, सुतळीचा गुंडा, औषधाची चिठ्ठी सगळं तिच्यात. उजव्या कानामागे गेरूचा खडा. दगडावर रेघ मारायची की खडा काढायचा, मारून झाली की परत कानामागे. त्यामुळे त्यांचा उजवा कान कायम तांबडा. सुभद्रामामी म्हणायच्या की लग्नात यांना हळद लागली ती निघाली, पण गेरू काही निघाला नाही.

दुसरी सवय वाजवून पाहण्याची. बोटाचं पेर वाकवून ते समोर येईल ती वस्तू ठोकून बघत. बाजारात कलिंगड, माठ, इथवर ठीक. पण ते नव्या घराची भिंत वाजवत, पाहुण्याची मोटारसायकल वाजवत. गावात एका सभागृहाचं उद्घाटन होतं. पाहुण्यांचं भाषण चाललेलं आणि मामा मागे उभे राहून खांब वाजवून पाहताहेत, आणि दर खांबागणिक मान हलवताहेत. वक्त्याला वाटलं भाषण पटतंय, तो आणखी पंधरा मिनिटं बोलला. मला एकदा खोकला झाला होता तर मामांनी माझ्या पाठीवर दोन टिचक्या मारल्या, कान लावला आणि म्हणाले, आतून ठीक हाय.

दगडाच्या बाबतीत मात्र हा प्रकार गमतीचा नव्हता. चांगला दगड खणखणीत वाजतो. आत चीर असली तर आवाज बद्द येतो. डोळ्याला काही दिसत नसलं तरी आवाज खोटं बोलत नाही, असा त्यांचा अनुभव. तिसगावच्या बाजारात त्यांचं पाटे-वरवंट्यांचं छोटं दुकान असे. गिऱ्हाइकानं पाटा हातात घेतला की मामा म्हणत, आधी वाजवा. मिक्सर आल्यापासून गिऱ्हाईक आधीच कमी, त्यात वाजवायला लाजणारी बाई निघून जाई. मामांना त्याचं काही नसे. न वाजवता नेलेल्या पाट्याची जबाबदारी आपल्यावर नाही, एवढंच ते म्हणत.

आता खांबाचं सांगतो.

सुभद्रामामींचं माहेर जामखेडकडचं. तिथल्या देवळापुढे दीपमाळ आहे. त्रिपुरी पौर्णिमेला तिच्यावर दिवे लावायचा मान त्यांच्या घराकडे होता आणि लहानपणापासून खालच्या रांगेतले दिवे मामीच लावत. लग्न होऊन तिसगावात आल्या तर वस्तीवरच्या खंडोबाच्या देवळापुढे काहीच नाही, नुसतं अंगण. पहिल्या त्रिपुरीला त्या तोंड पाडून बसल्या. तेव्हा मामा म्हणाले की मी तुला दीपमाळ करून देतो, आणि ती पण दगडावर दगड रचून नाही, एका दगडाची. मामींनी विचारलं, किती हात? मामांचं वय तेव्हा बावीस. ते म्हणाले, तुझं लुगडं नऊ वार, तर खांब नऊ हात. पहिला दिवा तू लावायचा.

हे बोलणं झालं आणि मग विहिरी आल्या. त्या काळात तालुकाभर विहिरी खोदल्या जात होत्या आणि बांधणीला मामांशिवाय माणूस नव्हता. आयुष्यभरात किती विहिरी बांधल्या हे मी त्यांना एकदा बसवून मोजायला लावलं. गावांच्या नावांवरून मोजत गेलो तर एकशे सतरा भरल्या. त्या सगळ्या दगडावर दगड. एकसंध असं त्यांनी उंबऱ्यापेक्षा मोठं काही केलंच नव्हतं. मामी दर त्रिपुरीला एक पणती देवळाच्या पायरीवर ठेवत आणि नवऱ्याकडे बघत. बोलत काही नसत. मामा मला म्हणाले होते की ती भांडली असती तर बरं झालं असतं.

अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी विहिरींचं काम बंद केलं आणि खांब काढायला घेतला. देवळामागे त्यांचा दीड एकराचा माळ होता. सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराबा. नांगर लागत नाही अशा जमिनीला आमच्या खात्यात असं म्हणतात. मामांच्या मते गावात तेवढीच एक जमीन चांगली होती. तिथल्या काळ्या खडकावर त्यांनी गेरूनं खांब आखला: पायाशी एक हात रुंद, वर निमुळता होत गेलेला, लांबी नऊ हात. आणि अर्थात वर चार बोटं. मी टेप लावला, चार मीटर एकवीस सेंटीमीटर. मग खांबाच्या दोन्ही बाजूंनी चर खोदायला सुरुवात झाली. खांब खडकातच आडवा पडलेला, आणि त्याच्याभोवतीचा खडक काढत काढत त्याला मोकळा करायचा, अशी ती पद्धत. सकाळचा चहा झाला की मामा माळावर, अकराला परत. मशीन लावायला सांगणारे पुष्कळ होते. मामा म्हणत, मशीन लावून काढला तर तो मशीनचा खांब झाला, मी दिलेल्या शब्दाचं काय.

महिन्याच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी ते चराच्या भिंतीवर गेरूची एक आडवी रेघ मारत. महिन्यात किती खोल गेलो त्याची खूण. मी रविवारी जाऊन दोन रेघांमधलं अंतर मोजायचो. सरासरी एक सेंटीमीटर यायचं. मी हिशेब करून सांगितलं की या वेगानं पाच वर्षं लागतील. मामा म्हणाले, मंग हायेत की.

मुलीच्या शाळेतल्या इजिप्तच्या प्रकल्पाचं निमित्त मध्येच आलं. तिला पिरॅमिड दिला होता. मी आकडे तपासून देत होतो, कारण तिनं दोन ठिकाणाहून घेतलेल्या उंचीत आठ मीटरचा फरक होता. (तिचं बरोबर होतं. एक पूर्वीची उंची, एक आजची. वरचा भाग मधल्या काळात गेला.) त्या शोधाशोधीत मोबाईलवर एक फोटो आला. डोंगरातल्या खाणीत एक प्रचंड खांब आडवा पडलेला, दोन्ही बाजूंनी चर खोदलेला, खालून अजून खडकाला चिकटलेला. मी तसाच मोबाईल घेऊन मामांच्या ओट्यावर गेलो.

मामांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. मी काही सांगायच्या आत म्हणाले, "हितं छिन्नी न्हाई लावल्याली. ठेचून काढलंय." चराच्या भिंती चमच्यानं दही काढावं तशा खळग्याखळग्यांच्या होत्या. मग बोट एका जागी नेऊन थांबले. "आन ह्यो चिरला. म्हनून सोडला."

मी नंतर वाचलं. दोन्ही बरोबर होतं. हा खांब आस्वान नावाच्या गावाजवळ आहे. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. एका दगडाचा चौकोनी निमुळता सुळका काढायचा, नदीतून बोटीनं न्यायचा आणि देवळापुढे जोडीनं उभा करायचा, अशी त्या लोकांची रीत होती. उभे केलेले आजही आहेत, पण हा सगळ्यांत मोठा, जवळजवळ बेचाळीस मीटर. वजन अकराशे टनांच्या आसपास धरतात. माझ्या अंदाजानं मामांचा खांब पावणेदोन टनांचा, म्हणजे त्या एकात मामांचे सहाशेहून अधिक खांब बसले असते. काम ज्या गोळ्यांनी ठेचून केलं ते गोळे खाणीत सापडले आहेत. ते तिथल्या तांबूस दगडाचे नाहीत. काळ्या, कठीण दगडाचे आहेत, आमच्या माळावरच्या काळ्या दगडाच्याच नात्यातल्या. हे ऐकून मामांनी मामींना आतून बोलावलं आणि मला ते परत सांगायला लावलं.

लांबीचं एक मी मुद्दाम उशिरा सांगितलं. बेचाळीस मीटर आणि चार मीटर एकवीस. मामांचा खांब त्याच्या बरोबर एक दशांश होता, थोडा उजवाच. मामांनी तो फोटो बघण्याआधी दोन वर्षं आखलेला. ते म्हणाले, मंग त्यांचं मोजमाप चांगलं हुतं.

त्यानंतर दर रविवारी आमचा तास भरू लागला. मी आठवडाभरात वाचलेलं सांगायचं आणि मामांनी त्यावर शेरा मारायचा. असा सुळका म्हणजे सूर्याचा किरण, दगडात उतरवलेला. टोकाला चकाकणारा पत्रा मढवत, म्हणजे उगवतीचं पहिलं ऊन आधी तिथं लागे. मामा म्हणाले, "म्हंजी दीपमाळच की. आपन दिवा लावतो, त्यांनी सूर्य लावला." मी पुष्कळ पानं वाचली, पण त्या खांबांचा अर्थ इतक्या थोडक्यात कुठं मिळाला नाही.

खाणीच्या भिंतीवर तांबड्या रेघा सापडल्या आहेत हेही मी सांगितलं. चर किती खोल गेला ते मुकादमानं काठी लावून मोजायचं आणि रेघ मारायची.

"गेरूच्या?"

"तांबड्या मातीच्या रंगाच्या. गेरूच म्हणायचा."

मामांनी कानामागचा खडा काढला, पाहिला आणि परत ठेवला. "मुकादम आपल्यातलाच हाय," म्हणाले.

आणि एका रविवारी मला हार पत्करावी लागली. त्या लोकांचं मापही हातच होतं, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. पण राजाच्या कामाचा हात वेगळा. साधा हात चोवीस बोटांचा, राजाच्या कामाचा अठ्ठावीस. म्हणजे हात आणि वर चार बोटं. मी हे वाचलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि मी तसाच उठून माळावर गेलो, कारण ही गोष्ट दडवून ठेवणं मला बरोबर वाटलं नसतं. चरात उतरून मी सगळं सांगितलं. उंबऱ्याचा विषयही स्वतःच काढला. मामांनी घण खाली ठेवून शांतपणे ऐकून घेतलं.

"राजाला कळलं हुतं," म्हणाले. "सायबाला पंधरा वर्सं लागली."

पण मामांचा जीव अडकला होता तो वेगळ्याच ठिकाणी. तो खांब एका राणीनं सांगितला होता असं अभ्यासक मानतात. स्वतः राज्य करणारी राणी, दरबारात राजासारखी खोटी दाढी लावून बसणारी. मी तिचं नाव सांगायला गेलो तर मामा म्हणाले, ते आपल्या तोंडात बसायचं नाही, राणीसाहेब पुरे. त्यांचा प्रश्न पुढचा होता. इतकी माणसं, इतके दिवस, आणि खांब चिरला. मग राणीला जाऊन सांगितलं कुणी?

मी शोधलं. कुठंच नाही. तसं मी सांगितलं.

"कुनीतरी गेलंच आसंल ना, सायेब. मुकादम गेला का? का त्यानं दुसऱ्या कुनाला पुढं घातलं? ती काय म्हनली?"

दर रविवारी जाताना ते विचारत, सापडलं का. नाही म्हटलं की वाईट वाटून घेत, जणू त्यांचाच कुणी माणूस निरोप घेऊन गेला होता आणि परत आला नव्हता.

पाचव्या वर्षाचा उन्हाळा. खांबाची वरची बाजू आणि दोन्ही कडा पुऱ्या झालेल्या, तळाखालून खडक सोडवायला सुरुवात झालेली. गावच्या सरपंचांनी क्रेनवाल्याशी बोलून ठेवलं होतं. येत्या त्रिपुरीला खांब देवळापुढे उभा, असं मामींनी जामखेडला भावाला कळवूनही टाकलं होतं. आणि एका सकाळी मामा माझ्या दारात आले. खांद्यावर हत्यारांची पिशवी नव्हती. हे मी पाच वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

"चला सायेब. राणीला सांगायचंय."

मी आधी माळावर गेलो, कारण पाहिल्याशिवाय मी काही सांगत नाही. मामांनी खांबावर पाणी ओतलं. ऊन होतं, दगड पाच मिनिटांत वाळला. फक्त एक रेघ ओली राहिली, केसासारखी, आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी टेप लावला. पायापासून तीन मीटर बावीस. सात हात. मामांनी रेघेच्या अलीकडे ठोकून दाखवलं, खण्ण. पलीकडे ठोकलं, बद्द. पुन्हा ठोकायला मी त्यांना नको म्हटलं.

घर दोनशे दहा मीटरवर. तेवढ्या वाटेत आम्ही तीनदा थांबलो. मामा म्हणाले, तुम्ही सांगा, आकड्यात सांगितलं की कमी वाटतं. मी म्हणालो की नऊपैकी सात हात शाबूत, म्हणजे सुमारे अठ्ठ्याहत्तर टक्के, असं सांगता येईल. मामांना ते पटलं. थोडं पुढं गेल्यावर नाही पटलं. एकशे सतरा विहिरींत उतरलेला माणूस स्वतःच्या ओट्याची पायरी चढेना.

मामी ओट्यावर तूर पाखडत होत्या. आम्हाला बसायला सांगून चहा टाकला. मामांनी उन्हाचं काढलं, मग पाथर्डीच्या एस्टीचं काढलं. मी घसा साफ करून म्हणालो, मामी, एकंदर नऊ हातांपैकी...

"सात हातावर चिरलाय ना?" मामींनी सुपातला खडा वेचून टाकला.

मामांचा चहा बशीत सांडला. "तुला कुनी सांगितलं?"

"पाच दिस झालं आवाज बद्द येतोय. पन्नास वर्सं ह्या आवाजावर भाकरी टाकतीय मी. एवढं कळंना व्हय?"

बाजाराच्या दिवशी मामा दुकान मांडायला गेले असताना त्या हंडा घेऊन माळावर गेल्या होत्या. पाणी ओतलं, रेघ पाहिली, मोजली आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागल्या. नवरा कधी सांगतो याची वाट बघत पाच दिवस गप्प राहिल्या. "म्या म्हनलं, बगू तरी कुनाला संगं आनतोय," असं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

मामा मग एका दमात बोलले. सरपंच काय म्हणतील ते त्यांनी आधीच धरलं होतं. रेघेवर पाचर मारून वरचा तुकडा सोडायचा आणि सात हातांचा खांब उभा करायचा. सात हातही कमी नाही. क्रेन ठरली आहे, माणसं तयार आहेत. दिवा लागेल. बोलताना त्यांचा तो मोठा तळहात गुडघ्यावर पालथा पडला होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मला तेव्हा आठवलं ते मी सांगितलं, की आस्वानच्या दगडावरही नंतर आखलेल्या रेघा आहेत. मोठा गेला तर त्यातून लहान काढावा असा विचार त्या लोकांनीही केला होता, आणि मग तोही सोडून दिला.

"का सोडला?" मामींनी विचारलं.

मी म्हणालो, ते कुणाला माहीत नाही.

"मला हाय," मामी म्हणाल्या. "राणीनं ल्हान मागितलाच नव्हता." त्या मामांकडे वळल्या. "तुमी किती हात बोलला हुता?"

"नऊ."

"मंग खांब किती हाताचा हाय?"

"नऊ. चार बोटं जास्त. पर त्यो आडवा हाय, सुभद्रे."

"आडवा हाय म्हनून काय झालं? उबा करीन आसं कुटं बोलला हुता? एका दगडाचा, नऊ हात, पयला दिवा माझा. एवढंच बोलला हुता. तोडला तर सात हुईल आन शब्द मोडंल. हाय तिथं ऱ्हाऊंद्या."

मामा माझ्याकडे बघू लागले. साक्षीदार म्हणून मला एवढंच सांगता आलं की लग्नानंतरचं ते बोलणं मी त्यांच्याकडूनच चार-पाच वेळा ऐकलं होतं आणि त्यात 'उभा' हा शब्द एकदाही आला नव्हता.

"आन तुमच्या हातानं नऊ," मामी सूप उचलत म्हणाल्या. "माझ्या हातानं म्या मोजला. दहा भरतोय."

हे मी नंतर तपासलं. मामांचा हात सेहेचाळीस सेंटीमीटर, मामींचा बेचाळीस. नऊ सेहेचाळीस म्हणजे चारशे चौदा, वर चार बोटांचे सात, एकूण चारशे एकवीस. मामींच्या हातानं दहा, वर एक सेंटीमीटर. चार बोटं नसती तर दहा भरलेच नसते. मी हा हिशेब मामांना दाखवला तेव्हा पाच दिवसांत पहिल्यांदा ते हसले, आणि हसू इतकं वाढलं की मामींनी पाणी आणून दिलं.

त्या पावसाळ्यात मामांनी खांबाच्या वरच्या अंगावर पणतीएवढे खळगे पाडले, दर चार बोटांवर एक. चिरेजवळ आल्यावर हात अगदी हलका ठेवला. गावात आधी कुजबुज झाली, पडलेल्या खांबाला दीपमाळ म्हणायचं का म्हणून. पण त्रिपुरीला दिवेलागणीच्या सुमाराला माळावर जाऊन पाहिलं तर जागा नव्हती. जामखेडहून मामींचे भाऊ टेम्पो करून आले होते. मामींनी पायाशी पहिला दिवा लावला. मग बाया चराच्या दोन्ही अंगांनी उतरल्या आणि लावत लावत टोकापर्यंत गेल्या. उभ्या दीपमाळेला शिडी लागते आणि वरचे दिवे पुरुष लावतात. इथं लहान पोरींपासून सगळ्यांचा हात पोचत होता. काठावरून पाहिलं तर काळ्या माळात उजेडाची एक सरळ रेघ. सरपंचांनी क्रेनवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं, तेही तिथंच.

मामा त्यानंतर आणखी एक त्रिपुरी बघून गेले. दुखणं दोन दिवसांचं. त्या दुसऱ्या त्रिपुरीचे मामा माझ्या डोळ्यांपुढे आहेत, कारण त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा माझा टेप मागितला. शेंडा माझ्या हाती दिला आणि स्वतः दिव्यांच्या कडेकडेनं, धोतर सांभाळत, दुसऱ्या टोकाला गेले. वाकून आकडा वाचला. "चारशे एकवीस. बरोबर हाय तुमचं," म्हणाले, जणू मी इतकी वर्षं त्यांच्या परवानगीसाठी थांबलो होतो.

मी दिवे मोजत होतो. चारशे एकवीस भागिले सात, साठ खळगे, साठ दिवे. मोजले तर एकसष्ट. पुन्हा मोजले, एकसष्टच. टोकाशी गेल्यावर उलगडा झाला. शेंड्याच्या पुढे, खांबाबाहेरच्या खडकावर, मामींनी एक पणती आणखी ठेवली होती. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "चार बोटं जास्त ऱ्हाऊंदे. दगडाला लागत्यात."

मामा खांबाच्या पायाशी बसले होते. चंद्र वर येत होता, कान नेहमीसारखा तांबडा. मला हात करून जवळ बोलावलं.

"सायेब, तिकडच्या राणीला सांगायला कोन गेलं ते सापडलं का?"

नाही, म्हणालो.

"मंग आपनच कळवू. म्हनावं, आडवा असला तरी दिवा लागतो."

आणि त्यांनी पेर वाकवून, चिरेच्या अलीकडे, दगड एकदा वाजवून पाहिला.